आफ्रिकेत माणूस नक्की कुठे घडला? आणि आफ्रिकेतल्या आफ्रिकेत कसा पसरला?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

माणसाच्या उगमाचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट ठरलेली असते. माणूस आफ्रिकेत झाला, साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडला आणि जगभर पसरला. मग पुढचा सगळा वेळ अरबस्तान, भारत, ऑस्ट्रेलिया, युरोप. आफ्रिकेच्या वाट्याला ते पहिलं एक वाक्य येतं आणि संपतं. आता आपल्या प्रजातीचं वय तीन लाख वर्षांच्या आसपास धरलं तर त्यातली सव्वादोन लाखाहून जास्त वर्षं जवळजवळ सगळी माणसं आफ्रिकेतच राहत होती. एवढ्या प्रचंड काळात तिथे काय चाललं होतं, कोण कुठून कुठे गेलं, एकमेकांना भेटत होते का, हे कुणी सांगतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट तीच आहे आणि गेल्या काही वर्षांत ती पार बदललीय. म्हणून हा धागा.

सुरुवात मोरोक्कोपासून करतो, मुद्दामच, कारण माणसाच्या उगमाच्या नकाशावर मोरोक्को पूर्वी कुणी काढतच नव्हतं.

१९६१ साली जेबेल इरहूद नावाच्या टेकडीत, बॅराइटच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक कवटी सापडली. आधी ती चाळीसेक हजार वर्षांपूर्वीची आणि 'आफ्रिकेतला निअँडरथल' (निअँडरथल म्हणजे आपल्याजवळचा, आता नामशेष झालेला मानव) म्हणून नोंदली गेली. पुढे २००७ मध्ये तिथल्याच एका लहान मुलाच्या दातावरून वय १ लाख ६० हजारांवर गेलं. दरम्यान २००४ पासून जाँ-जाक उब्लँ आणि मोरोक्कोचे अब्देलवाहेद बेन-नसेर यांनी तिथे नव्याने खोदकाम सुरू केलं होतं, त्यात आणखी हाडं मिळाली, आधीची आणि नवी मिळून किमान पाच माणसांची, शिवाय दगडी हत्यारं आणि हरणांची फोडलेली हाडं. २०१७ मध्ये वय जाहीर झालं ते ३ लाख १५ हजार वर्षं, ३४ हजार इकडेतिकडे.

हे वय कसं काढलं ते मला सगळ्यात आवडलं. त्या लोकांनी गुहेत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि आधीच जमिनीत पडलेल्या चकमकीच्या दगडाच्या कपच्या त्या शेकोटीखाली तापल्या. दगडाच्या स्फटिकात आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळे हळूहळू ऊर्जा साठत जाते, पण एकदा तो चांगला तापला की साठलेलं सगळं निघून जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आता प्रयोगशाळेत तीच कपची परत तापवली की मधल्या काळात साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, तो प्रकाश मोजायचा आणि त्या जागेच्या मातीत दरवर्षी किती किरणोत्सर्ग मिळतो त्याने भागायचं, की शेवटची शेकोटी कधी पेटली ते कळतं. म्हणजे कुणीतरी तीन लाख वर्षांपूर्वी ऊब मिळावी म्हणून जाळ केला आणि त्यामुळे आज आपल्याला तारीख मिळाली.

आणि ती माणसं दिसायला कशी होती? चेहरा आजच्या गर्दीत खपून जाईल असा, लहान आणि कपाळाखाली आत घेतलेला. पण डोकं मागून लांबट आणि बैठं. मेंदूचं माप आपल्याएवढंच, घाट मात्र वेगळा. आपल्यासारखा गोल मेंदू फार नंतर, साधारण एक लाख ते पस्तीस हजार वर्षांच्या दरम्यान पूर्ण तयार झालेला दिसतो. म्हणजे चेहरा आधी 'आपला' झाला आणि डोकं मागाहून.

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाला या. दक्षिण आफ्रिकेतल्या फ्लोरिसबाडला १९३२ मध्ये एक अर्धवट कवटी मिळाली होती, तिच्या दाताचं वय अंदाजे २ लाख ५९ हजार. इथिओपियात ओमो नदीकाठी १९६७ मध्ये मिळालेली 'ओमो १', तिचं वय आधी १ लाख ९५ हजार मानत होते, २०२२ मध्ये वरच्या राखेच्या थराचा माग शाला ज्वालामुखीपर्यंत लागला आणि आता किमान २ लाख ३३ हजार म्हणतात. हेर्तोच्या कवट्या, त्याही इथिओपियातल्याच, १ लाख ६० हजार. हे सगळं शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर प्रत्येक कवटीत काही गोष्टी आपल्या आणि काही जुन्या, आणि कुठल्या दोन कवट्यांत तीच सरमिसळ सापडत नाही. कुणाचा चेहरा नवा, कुणाची हनुवटी नवी, कुणाचं डोकं गोल.

एका कुठल्यातरी दरीत आपली प्रजाती तयार झाली आणि तिथून खंडभर गेली असती तर असं दिसलं नसतं. २०१८ मध्ये एलेनॉर सेरी आणि त्यांच्यासोबतच्या बऱ्याच संशोधकांनी हेच मांडलं, की आपण अख्ख्या आफ्रिकेत विखुरलेल्या अनेक गटांमधून घडलोय. हे गट हजारो वर्षं वाळवंटामुळे, जंगलामुळे एकमेकांपासून तुटायचे, हवामान बदललं की परत भेटायचे, मुलंबाळं व्हायची आणि पुन्हा तुटायचे. उन्हाळ्यात रुंद नदीचं पात्र बघा, वाळूतून दहा फाटे फुटतात, काही आटतात, काही पुढे जाऊन परत एकमेकांत मिळतात, तसं. त्यातला 'खरा' फाटा कुठला असं विचारण्यात अर्थ नाही.

मला पटलेलं हे एवढंच. आफ्रिकेत 'जन्मस्थान' शोधायचा नाद सोडायला हवा. पूर्ण खंड हेच ते ठिकाण आहे आणि आफ्रिकेच्या आतल्या आत झालेला प्रवास हा बाहेर पडण्यापेक्षा कितीतरी मोठा आणि लांब चाललेला आहे.

जाणकारांनी भर घालावी. वादही घाला, वाट बघतोय.

मेधा_ठाणे

मस्त धागा, वाचनखूण साठवली. शेकोटीवरून तारीख काढायचा भाग दोनदा वाचला. एक बेसिक प्रश्न, लूसीचा सांगाडा (माणसाच्या फार जुन्या पूर्वजांपैकी एक) वगैरे जे आपण लहानपणापासून वाचत आलो ते सगळं पूर्व आफ्रिकेतलंच ना? मग निदान त्याच्या आधीच्या काळापुरतं तरी पूर्व आफ्रिका हा उगम म्हणायला काय हरकत आहे?

कातळवाट

मेधाताई, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. लूसी १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदारला मिळाली, ३२ लाख वर्षांपूर्वीची, आणि तुर्काना तळं, ओल्डुवाई घळ ही सगळी गाजलेली ठिकाणं पूर्व आफ्रिकेतल्या एकाच खचदरीच्या (रिफ्ट व्हॅली) पट्ट्यातली. पण तिथे इतकं मिळतं याचं मोठं कारण भूगर्भाचं आहे. दरी खचत जाते, तळ्यांचा गाळ भराभर साचतो, मधेमधे ज्वालामुखीची राख पडते म्हणजे हाडं पटकन गाडली जातात आणि राखेमुळे वयही काढता येतं, मग जमीन परत उचलली जाऊन झिजते आणि ते उघडं पडतं. असं नशीब बाकी आफ्रिकेला नाही. पावसाळी जंगलात माती आम्लधर्मी, हाड काही वर्षांत विरघळून जातं.

आणि अपवाद बघा ना. चाडमध्ये २००१ साली 'तुमाई' नावाची कवटी मिळाली, साधारण ७० लाख वर्षांची, खचदरीपासून अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला. तिथेच आधी १९९५ मध्ये पस्तीसेक लाख वर्षांपूर्वीचा, लूसीच्या काळाजवळचा जबडा मिळाला होता. दक्षिण आफ्रिकेतलं ताउंगचं मूल तर १९२४ सालचं, म्हणजे लूसीच्या पन्नास वर्षं आधी. म्हणून कवट्यांचा नकाशा बघताना मी कायम स्वतःला आठवण करून देतो की हा माणसं कुठे होती याचा नकाशा नाहीये, हाडं कुठे टिकली आणि लोकांनी कुठे खोदलं याचा आहे.

शंकासुर

लेख आवडला पण दोन गोष्टी पटत नाहीत, सरळच लिहितो.

एक, जेबेल इरहूदवाल्यांना सेपियन्स म्हणायचं कशावरून? डोकं लांबट, भुवयांची हाडं जाड, हनुवटीचा पत्ता नाही. नुसता चेहरा जुळतो म्हणून आपल्या प्रजातीत ओढायचं आणि मग 'बघा मोरोक्कोतही माणूस होता' म्हणायचं, हे म्हणजे उत्तर आधी ठरवून मग गणित मांडणं झालं. बऱ्याच तज्ज्ञांनीही तेव्हा हीच हरकत घेतली होती.

दोन, मोरोक्को आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात सहारा आहे. जगातलं सगळ्यात मोठं उष्ण वाळवंट. उंट तर कालपरवाचे. मग हे गट 'परत भेटायचे' म्हणजे नक्की कसे?

कातळवाट

दुसरं आधी घेतो कारण त्यात मजा आहे.

सहारा कायम वाळवंट नव्हता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि तिची कक्षाही हळूहळू फिरते, दोन्ही मिळून एक आवर्तन साधारण २१ ते २३ हजार वर्षांचं. त्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात पोचणारं ऊन कमीजास्त होतं, ते वाढलं की आफ्रिकेतला मोसमी पाऊस उत्तरेला सरकतो आणि सहारा हिरवा होतो. कुरणं, नद्या, तळी सगळं. शेवटचा असा काळ साधारण अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी चाडचं तळं कॅस्पियन समुद्राच्या तोडीचं होतं, आज त्याची अवस्था आपण बघतोच. अल्जीरियातल्या तासिलीच्या कातळांवर गुरंढोरं, जिराफ, पाणघोडे रंगवलेत ते उगाच नाही. आणि हे एकदा झालेलं नाही, पुन्हा पुन्हा झालंय, सव्वा लाख वर्षांपूर्वीचा पावसाळी काळ तर आणखी जोरदार होता. भूमध्य समुद्राच्या तळाशी याचे काळे थर आहेत, नाईलचं गोडं पाणी बेफाम येऊन पडलं की तळाला ऑक्सिजन कमी पडायचा आणि सेंद्रिय गाळ तसाच साचायचा, ते थर मोजले की किती वेळा असं झालं ते दिसतं.

याचा माणसांशी संबंध असा की उत्तर आफ्रिकेत 'आतेरियन' म्हणून ओळखली जाणारी हत्यारं मिळतात, दगडी पात्याला खाली बूड काढलेलं, दांड्यात खोचून बांधता यावं म्हणून. मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून पार सहाराच्या मध्यापर्यंत, जिथे आज घोटभर पाणी नाही तिथेही ती पडलेली आहेत. माणसं तिथे राहत होती म्हणूनच पडली ना. वाळवंट परत वाढलं की काही उत्तरेला सरकले असणार काही दक्षिणेला, आणि काही संपलेही असणार.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. इरहूदला सेपियन्स म्हणायचं का 'सेपियन्सकडे जाणारा गट' हा वाद खरा आहे आणि नावावर तो मिटणारही नाही. पण समजा तुमचं मान्य केलं, इरहूद वेगळं काढलं, तरी ओमो आणि फ्लोरिसबाड उरतातच की, आणि ते एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब आहेत. बदल एका जागी झाला नाही हे तरीही दिसतंच.

पेशीपुराण

कॉलेजात जनुकशास्त्र शिकवते त्यामुळे हाडांपेक्षा डीएनएबद्दल लिहिते.

१९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन यांनी मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या, फक्त आईकडून मिळणाऱ्या) डीएनएवरून दाखवलं की आजच्या सगळ्या माणसांच्या आईकडच्या फांद्या मागे जात जात आफ्रिकेतल्या एका बाईपाशी मिळतात, साधारण दोन लाख वर्षांपूर्वी. वर्गात हे शिकवलं की दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं की म्हणजे तेव्हा एकच बाई होती का. अजिबात नाही, तिच्यासोबत हजारो बायका होत्या, त्यांचेही वंशज आपण आहोत, फक्त त्यांची अखंड आई-मुलगी-नात अशी साखळी मधे कुठेतरी तुटली. आणि ती बाई जिथे राहत होती तिथेच प्रजाती तयार झाली असंही त्यातून निघत नाही. २०१९ मध्ये उत्तर बोत्स्वानातला जुन्या मकगाडिकगाडी तळ्याचा परिसर हीच आपली मायभूमी, असा एक अभ्यास गाजला होता, बातम्या जोरात आल्या, पण मायटोकाँड्रिया म्हणजे आपल्या जनुकसाठ्याचा अगदी बारीक तुकडा, त्यावरून एवढं मोठं विधान केल्याबद्दल इतर संशोधकांनी लगेच टीका केली आणि माझ्या मते ती योग्य होती.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२३ चं काम, आरोन रॅग्सडेल, ब्रेना हेन आणि सहकाऱ्यांचं. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नामा लोकांपैकी ४४ जणांचे जीनोम (म्हणजे अख्खा डीएनए) घेतले, सोबत पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले, आणि कुठल्या प्रकारचा इतिहास असेल तर आजची विविधता अशी दिसेल हे वेगवेगळी मॉडेलं मांडून तपासलं. एका खोडातून फांद्या फुटल्या असं मॉडेल नीट बसेना. बसलं ते असं, की दोन किंवा अधिक गट लाखो वर्षं आफ्रिकेत होते, एकमेकांपासून थोडेसेच वेगळे, आणि त्यांच्यात सतत देवाणघेवाण चालू. आजच्या लोकांमधली सगळ्यात जुनी फाटाफूट साधारण १ लाख २० हजार ते १ लाख ३५ हजार वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे कातळवाट यांनी हाडांवरून जे लिहिलंय तेच डीएनए दुसऱ्या बाजूने सांगतोय.

पण सगळं एकमुखाने चाललंय असं समजू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत एखाद्या अज्ञात, नामशेष मानवाचा वाटा आहे असं २०२० मध्ये मांडलं गेलं होतं, रॅग्सडेल वगैरे म्हणतात की तसं भूत आणायची गरजच नाही, गटांमधल्या जुन्या फरकाने तेवढं समजावता येतं. उलट २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटाने दोन पूर्वज गट पंधरा लाख वर्षांपूर्वी अलग झाले आणि तीन लाख वर्षांपूर्वी परत मिसळले, साधारण ८०-२० या प्रमाणात, असं मॉडेल दिलंय. दोन्हीत बराच फरक आहे. एका गोष्टीवर मात्र दोघंही येऊन थांबतात ती म्हणजे एकसंध एकच पूर्वजगट ही कल्पना पुरत नाही.

शंकासुर

धन्यवाद पेशीपुराण, हे नीट समजलं. मग सरळ त्या कवट्यांचाच डीएनए का काढत नाहीत? निअँडरथलचा काढला की.

पेशीपुराण

उष्णता हो. निअँडरथलची हाडं थंड गुहांमध्ये राहिली, आफ्रिकेत डीएनए फार लवकर तुटतो. आफ्रिकेतल्या प्राचीन माणसाचा पहिला पूर्ण जीनोम २०१५ मध्ये मिळाला, इथिओपियातल्या मोता गुहेतला, आणि तो जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्यानंतर मोरोक्कोत ताफोराल्टला पंधरा हजार, टांझानिया-मलावी-झांबियाच्या भागातून अठरा हजारांपर्यंत पोचलेत. तीन लाखांशी तुलनाच नको. म्हणून सध्या जिवंत लोकांच्या डीएनएवरून मागे जाणं हाच मुख्य मार्ग आहे.

जुन्नरी

विषय आफ्रिकेचा आहे पण आमच्या भागाचा संबंध येतो म्हणून विचारतो. जुन्नरकडे कुकडी नदीच्या काठावर बोरीला ज्वालामुखीची राख आणि जुनी हातकुऱ्हाडी वगैरे हत्यारं मिळालीत, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे बरंच काम केलंय, ती राख सुमात्राच्या तोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून फार जुनी यावर वाद आहेत. ते सोडा. पण तमिळनाडूतल्या अतिरमपक्कमचं २०१८ मध्ये आलं ना, शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांचं, की तिथे मध्य पुराश्मयुगीन पद्धतीची हत्यारं ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली. ही तीच पद्धत जी आफ्रिकेत सेपियन्ससोबत दिसते. मग आपले पूर्वज आधीच इथे येऊन गेले होते असं का नाही?

कातळवाट

जुन्नरी, हे इथे यायलाच हवं होतं. आधी ती पद्धत काय ते लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुन्या हातकुऱ्हाडीत दगडाचे बाजूबाजूचे टवके उडवत जायचं आणि शेवटी हातात उरतो तो दगड हेच हत्यार. नव्या पद्धतीत, जिला लव्हाल्वा म्हणतात, उलटं आहे. दगडाच्या कडेने टवके काढून आधी तो कासवाच्या पाठीसारखा घडवायचा, एका टोकाला ठोका द्यायची जागा तयार करायची आणि मग एकच नेमका ठोका, की हवी तशी पातळ धारदार कपची सुटून हातात येते. म्हणजे कपची निघायच्या आधी ती डोक्यात तयार असावी लागते.

आता, हत्यार कुणी केलं हे हत्यार सांगत नाही. निअँडरथलही लव्हाल्वा पद्धत उत्तम वापरायचे. अतिरमपक्कमला माणसाची हाडं मिळालेली नाहीत, तिथे ती पद्धत कुठल्या मानवाने सुरू केली, स्वतः शोधली की आफ्रिकेकडून ओळखदेख होती, दोन्ही शक्य आहे. पण त्या शोधाचं मोल मला मोठं वाटतं, कारण जे आफ्रिकेच्या आत दिसतंय, म्हणजे एकच कल्पना लांबलांबच्या जागी साधारण एकाच सुमाराला, तेच इथेही दिसतं. इस्रायल आणि ग्रीसमध्ये दोन लाख वर्षांच्या आसपासचे सेपियन्स म्हणून सांगितलेले अवशेष आहेत, ग्रीसच्या कवटीवर वाद असला तरी, म्हणजे छोट्या टोळ्या आधीपासून बाहेर येत होत्या. आजच्या भारतीयांच्या डीएनएत मात्र त्यांची ठळक खूण दिसत नाही.

नैरोबीकर

कामानिमित्त बरीच वर्षं केनियात आहे, धागा बघून राहवलं नाही.

इथून मगाडीच्या रस्त्याने दीडेक तासावर ओलोर्गेसाइली आहे. उतरत उतरत खचदरीत जायचं, उकाडा वाढत जातो. तिथे लाकडी फळ्यांचा पूल केलाय आणि खाली जमिनीवर हातकुऱ्हाडी तशाच पडलेल्या आहेत जशा सापडल्या तशा, शेकड्यांनी. काही इतक्या मोठ्या की एका हाताने उचलायलाही जड जातील. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसता उभा राहिलो बराच वेळ, आमच्या सोबतचा गाईड शांतपणे थांबून होता, त्याला सवय असावी.

पण धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ते २०१८ मध्ये छापून आलं. साधारण ३ लाख २० हजार वर्षांपूर्वीपासून तिथे हातकुऱ्हाडी गायब आणि लहान, नीट घडवलेली हत्यारं सुरू. त्यातली बरीच ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, जी तिथे मिळतच नाही. ती आणली होती २५ पासून ९५ किलोमीटरवरून, तेही डोंगर-दऱ्या ओलांडून. एवढ्या लांबचा कच्चा माल नियमित येतोय म्हणजे एकतर स्वतः जात असतील किंवा मधल्या लोकांशी देवाणघेवाण असेल. शिवाय लाल आणि काळ्या रंगद्रव्याचे गोळे, घासल्याच्या खुणांसकट. मोरोक्कोतल्या त्या शेकोटीचा आणि याचा काळ जवळजवळ एकच आहे हे आज तुमच्या लेखामुळे डोक्यात जुळलं.

दुसरं म्हणजे इथल्या किनाऱ्याजवळ पांगा या सैदी नावाची गुहा आहे. तिथे ७८ हजार वर्षांपूर्वी पुरलेलं अडीच-तीन वर्षांचं मूल मिळालं, आफ्रिकेतलं आत्तापर्यंत माहीत असलेलं सगळ्यात जुनं दफन. हाडं इतकी भुसभुशीत की हात लावला तर पीठ होईल, म्हणून मातीचा अख्खा गोळा प्लॅस्टरमध्ये बांधून नैरोबीच्या संग्रहालयात आणला आणि पुढे स्पेनला नेऊन आतून हळूहळू मोकळा केला. मूल कुशीवर, गुडघे छातीशी घेतलेलं, आणि मान ज्या पद्धतीने कललीय त्यावरून डोक्याखाली काहीतरी उशीसारखं ठेवलं असणार, जे नंतर कुजून गेलं.

मेधा_ठाणे

उशीचं वाचून गलबलून आलं.

कातळवाट, त्या काळात आफ्रिकेत आपणच होतो का, की अजून वेगळे मानवही होते?

कातळवाट

होते, आणि शेजारी होते. दक्षिण आफ्रिकेत रायझिंग स्टार गुहेत होमो नालेदी मिळाला, वय ३ लाख ३५ हजार ते २ लाख ३६ हजारांच्या मधलं. मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फ्लोरिसबाडची कवटी त्याच देशातली आणि त्याच काळातली! (ते मुद्दाम मृतांना पुरायचे हा दावा मात्र अजून सगळ्यांना मान्य नाही.) तिकडे झांबियात काबवेची कवटी, १९२१ मध्ये खाणीत मिळालेली, भुवयांची हाडं प्रचंड, बरीच जुनी असेल असं सगळे धरून चालले होते आणि २०२० मध्ये वय निघालं सुमारे ३ लाख. म्हणजे इरहूद, काबवे आणि नालेदी साधारण एकाच काळात, एकाच खंडात. आपल्याकडे येणारी सरळ रेघ असती तर हे असं दिसलं नसतं.

काबवेची कवटी आजही लंडनच्या संग्रहालयात आहे, झांबिया ती कित्येक वर्षं परत मागतोय. आणि ओमो १ कुणाला सापडली माहीत आहे? केनियाच्या कमोया किमेऊंना. त्यांनीच पुढे १९८४ मध्ये 'तुर्कानाचा मुलगा' म्हणून गाजलेल्या प्राचीन मानवाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा टिपला, खडीच्या उतारावर, काड्यापेटीएवढा, आजूबाजूच्या खड्यांच्याच रंगाचा. जगातल्या सगळ्यात तयार नजरांपैकी एक नजर ती. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडे कुठे एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून इथे नाव लिहून ठेवतोय.

नैरोबीकर

कमोया किमेऊंसाठी मनापासून +१. तुर्कानाच्या मुलाचा सांगाडा इथल्या संग्रहालयात आहे.

शंकासुर

अजून एक. हाडं, दगड झाले. पण गट एकमेकांशी 'जोडलेले' होते याचा थेट पुरावा काय? ऑब्सिडियन शंभर किलोमीटरच्या आत आहे, ती काही खंडभरची गोष्ट नव्हे.

पेशीपुराण

याला मणी उत्तर देतात. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तीसेक ठिकाणचे दीड हजारांवर मणी मोजून २०२१ मध्ये अभ्यास आला. साधारण ५० हजार ते ३३ हजार वर्षांपूर्वीपर्यंत दोन्हीकडचे मणी जवळजवळ सारखे, तीन हजार किलोमीटरच्या अंतरावर. मग पूर्व-दक्षिण संबंध तुटतो, हवामान बिघडल्याने मधला भाग ओलांडणं अवघड झालं असावं. गंमत म्हणजे मणी करायला कवच फोडून, भोक पाडून, दोऱ्यात ओवून कडा घासून गोल करावी लागते, त्यात आकार कसाही ठेवता येतो, तरी इतके लांबचे लोक एकसारखेच करत होते म्हणजे बघून शिकलेले होते.

त्याहून जुनं हवं असेल तर शिंपल्यांचे मणी घ्या. मोरोक्कोत बिझमून गुहेत जवळपास दीड लाख वर्षांपूर्वीचे आणि दक्षिण टोकाला ब्लॉम्बोस गुहेत ७५ हजारांच्या आसपासचे, दोन्हीकडे साधारण एकाच प्रकारचे छोटे शिंपले आणि ओवून घासल्याच्या खुणा. थेट ओळख होती असं मी म्हणणार नाही, मधे काळही खूप आहे. पण ब्लॉम्बोसला एक लाख वर्षांपूर्वी अबलोनीच्या मोठ्या शिंपल्यात गेरू कुटून, हाडाचा चुरा आणि कोळसा घालून रंग कालवून ठेवलेला मिळालाय, शेजारी वाटायचा दगड. एवढी पाककृती एका माणसाच्या डोक्यात राहून चालत नाही, ती कुणालातरी शिकवावी लागते.

रानवेडी

उशिरा आले धाग्यावर. मला जंगलाचं विचारायचंय, तुम्ही सगळे कुरणं, गुहा, समुद्रकिनारा यावरच बोलताय. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं घनदाट जंगल तेवढं रिकामं होतं का?

कातळवाट

रानवेडी ताई, आत्तापर्यंत पुस्तकात तसंच असायचं, जंगल म्हणजे अडथळा. आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलात माणूस राहिल्याचा पक्का पुरावा अठरा हजार वर्षांच्या मागे जात नव्हता. २०२५ मध्ये ते चित्र बदललं. आयव्हरी कोस्टमध्ये बेते नावाची जागा आहे, तिथे १९८० च्या दशकात योदे गेदे यांनी खोल थरात दगडी हत्यारं शोधली होती, पण तेव्हा वय काढायची साधनं नव्हती. २०२० मध्ये एस्लेम बेन अरूस आणि सेरी वगैरे मंडळी गेदेंना सोबत घेऊन परत तिथे गेली, जुना खड्डा शोधून साफ केला आणि थरांचे नमुने घेतले. वाळूच्या कणांवरून वय निघालं दीड लाख वर्षं. सोबतचे परागकण, वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष, पानांवरच्या मेणाचे अंश, सगळं तपासलं तर गवत अगदी कमी, दाट ओलं जंगल. उघड्या मैदानातून चाललेली वाट नव्हती ती, माणसं त्या जंगलातच राहत होती. हाडं नाहीत, ती मिळायचीही नाहीत त्या मातीत.

आणि हे सगळं थोडक्यात वाचलं. नमुने घेतल्यानंतर ती जागा खाणकामात नष्ट झाली. गेदेंनी चाळीस वर्षांपूर्वी जागा नोंदवून ठेवली नसती आणि ही मंडळी त्या वर्षी पोचली नसती तर नकाशावर पश्चिम आफ्रिका अजून कोरीच राहिली असती. तिथे अशा किती जागा आहेत ज्यांच्यात अजून कुणी चाळणी लावलेली नाही. कॅमेरूनच्या शुम लाकाबद्दल पेशीपुराण यांनी लिहावं अशी विनंती, तिथल्या गवताळ डोंगरातल्या कातळाखालच्या निवाऱ्यातून मुलांचा डीएनए मिळालाय ना?

पेशीपुराण

हो, २०२० चं काम. चार मुलं, दोन आठ हजार वर्षांपूर्वीची, दोन तीन हजार. त्यातल्या एका मुलाच्या वाय गुणसूत्राची (जे फक्त बापाकडून मुलग्याला मिळतं) फांदी ए००, म्हणजे आजच्या पुरुषांमध्ये सापडणारी सगळ्यात जुनी, जी आज मुख्यतः कॅमेरूनच्याच पश्चिम भागात टिकून आहे. बाकीच्या सगळ्या पुरुषांच्या फांद्यांपासून ती दोन लाखांहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाली. आणि ही मुलं आज तिथे राहणाऱ्या बांटू भाषक लोकांची थेट पूर्वज नाहीत, जास्त जवळची आहेत ती मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या शिकारी-संकलक लोकांच्या. म्हणजे बांटू भाषा जिथून खंडभर पसरल्या असं मानतात त्याच टापूत तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत एक वेगळाच, फार जुना समाज राहत होता. यावर सविस्तर वेगळा धागा काढते, परीक्षांचे पेपर तपासून झाले की.